फूटपट्टी आणि फोल्डर निवडायची खिडकी

आमच्या ऑफिसात त्याला सगळे फूटपट्टी म्हणत. उंच, सडपातळ, कमरेत न वाकणारा, आणि कुठलीही गोष्ट मोजल्याशिवाय तोंडातून न काढणारा. "जरा थांबा" असं तो म्हणायचाच नाही. "सात मिनिटं," म्हणायचा आणि सातव्या मिनिटाला टेबलाशी येऊन उभा राहायचा. मला अशी माणसं आवडतात. बाकीच्यांचा कंटाळा येतो, आणि पंचाहत्तरी उलटल्यावर तो लपवण्याचं काही कारण मला दिसत नाही.

मी तिथे आरेखन विभागाची प्रमुख होते. लोखंडी पूल, पाण्याच्या टाक्या, कारखान्यांची छपरं यांचे नकाशे आम्ही करत असू. ते वर्कशॉपला जात आणि तिथले लोक त्याबरहुकूम लोखंड कापत. इकडे एक आकडा चुकला की तिकडे टनभर लोखंड वाया. फूटपट्टी बावीस वर्षं माझ्या हाताखाली होता. हाताखाली म्हणायचं आपलं. रेघेच्या बाबतीत आम्ही सगळेच त्याच्या हाताखाली होतो. बोर्डावर शाईनं काम चालायचं तेव्हा त्याची अक्षरं बघायला दुसऱ्या ऑफिसातली माणसं येत.

मग बोर्ड गेले, कॉम्प्युटर आले. त्याच्या बरोबरीच्या निम्म्या लोकांनी हाय खाल्ली. हा मात्र नकाशाचं सॉफ्टवेअर तर शिकलाच, वर त्या सॉफ्टवेअरला कामाला लावायलाही शिकला. एकापाठोपाठ एक करायच्या कामांची यादी त्याला ठरावीक भाषेत लिहून देता येते. त्या यादीला स्क्रिप्ट म्हणतात. दिवसातून पन्नास वेळा करावं लागणारं एखादं काम दिसलं की फूटपट्टी त्याची स्क्रिप्ट लिहायचा, तिला दोन अक्षरांचं नाव द्यायचा, आणि दुसऱ्या दिवसापासून अख्खं ऑफिस ती दोन अक्षरं टाइप करून हात झटकायचं.

सगळ्यात मोठी स्क्रिप्ट होती संच काढायची. एका कामाचे दोनशे-तीनशे नकाशे एका फोल्डरमध्ये असत. स्क्रिप्ट एकेक नकाशा उघडणार, त्यावर तारीख आणि क्रमांक घालणार, प्रिंट काढणार, बंद करणार. पूर्वी दोन माणसांचे दोन दिवस जायचे, आता तासाभरात काम. फक्त सुरुवातीला ती एकच गोष्ट विचारायची: कुठलं फोल्डर?

आधी ते नाव टाइप करावं लागे. एका शहाण्यानं एकदा एकाच्या जागी सात टाइप केला आणि भलत्याच कामाचा संच वर्कशॉपला गेला. मी भडकले. मीटिंग घेतली आणि नियम केला: यापुढे कुणी टाइप करायचं नाही. पडद्यावर खिडकी उघडेल, त्यातून डोळ्यांनी बघून फोल्डर निवडायचं. "टाइप करताना माणसाचे डोळे झोपलेले असतात," असं एक वाक्यही मी टाकलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. साहेबीण बोलली की डोलावतात तशा.

खिडकी करणं सोपं नव्हतं, हे मला मागाहून कळलं. त्या सॉफ्टवेअरकडे फाइल निवडायची खिडकी होती, नुसतं फोल्डर निवडायची नव्हतीच. फूटपट्टीनं आधी युक्ती केली की फोल्डरमधली कुठलीही एक फाइल निवडा, स्क्रिप्ट समजून घेईल. पण लोक गोंधळले. "दादा, मला एकच नकाशा नकोय, सगळे हवेत," असं रोज कुणी ना कुणी येऊन सांगायचं. शेवटी त्यानं कॉम्प्युटरची स्वतःची फोल्डर दाखवणारी खिडकी उसनी आणली. ती दोन प्रकारची मिळते. जुनी लहान, ताणता न येणारी. नवी मोठी, हवी तेवढी ताणता येणारी. स्क्रिप्टमध्ये एके ठिकाणी शून्य लिहिलं की जुनी, चौसष्ट लिहिलं की नवी. आमच्यातल्या बऱ्याच जणांना चाळिशी लागलेली. त्यानं सगळ्यांच्या डोळ्यांचा विचार करून चौसष्ट लिहिलं.

ही खिडकी दरवेळी अगदी वरून उघडायची. मग बारीक अधिकाच्या चिन्हावर टिचकी मारत सर्व्हर, वर्ष, काम, त्यातलं पोटफोल्डर असं एकेक पायरी खाली उतरायचं. आमच्याकडे प्रत्येक कामात तीनच पोटफोल्डरं असत: अंतिम, जुने, पत्रव्यवहार. 'जुने'मध्ये बाद झालेले नकाशे पडत. तिकडे कुणी ढुंकून बघायचं नाही, तशी शिस्तच होती.

आता त्याच्या हाताबद्दल.

त्याच्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते तेव्हाची गोष्ट. एका सकाळी मी त्याच्या टेबलाशी गेले तर माऊस दिसेना.

"माऊस कुठाय तुमचा?"

"ड्रॉवरमध्ये. मांजर फिरतंय ऑफिसात."

"फूटपट्टी, मी गंमत करायला आलेले नाही."

"मॅडम, टाइप केलं की काम जास्त वेगानं होतं. बघा ना." आणि खरंच, तो प्रत्येक रेघेचे दोन्ही टोकांचे आकडे टाइप करत होता, रेघा सटासट उमटत होत्या. दोन्ही मनगटं टेबलाच्या कडेला घट्ट दाबून धरलेली. ऑफिसात चर्चा अशी की म्हातारा या वयात काय सुटलाय! त्यानं महिन्याभरात तीस नव्या स्क्रिप्ट लिहिल्या होत्या. कुणाच्या डोक्यात आलं नाही की हा माणूस वेगासाठी नाही, माऊस टाळण्यासाठी लिहितोय. माझ्याही आलं नाही. हुशारीची घमेंड मला पहिल्यापासून आहे, उपयोग ऐनवेळी होत नाही.

कळलं ते त्याच्या बायकोकडून. तिनं मला घरी फोन केला. "ताई, त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटलाय. डॉक्टर कंपवात म्हणाले. शर्टाची बटणं मी लावते. ऑफिसात कुणाला कळू द्यायचं नाही म्हणून बसलेत. तुम्ही जरा बघा, पण मी सांगितलं असं म्हणू नका हं."

दुसऱ्या दिवशी मी त्याला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि सरळ विचारलं. मला आडून बोलता येत नाही.

"तुम्हाला कधी दिसलं?"

"दिसलं कधीतरी," मी खोटं बोलले.

"घरी सांगू नका. तिला वाटतं नुसता अशक्तपणा आहे."

म्हणजे बायकोला सगळं माहीत, नवऱ्याला वाटतं तिला माहीत नाही, आणि मधे मी दोन्हीकडे तोंड शिवून. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथे एका मुठीवर तीन माणसं हात दाबून बसली होती.

"काम सोडून बसलो तर लोक बघायला येतील," तो म्हणाला. "घरात बसवून ठेवलेला माणूस व्हायचं नाहीये मला. चौदा महिने. रेघ मारत मारत जायचंय. आजारी म्हणून उठवू नका मला खुर्चीवरून. एवढंच."

"काम जमतंय?"

"सगळं जमतं. एकच जागा आहे. खिडकी."

माझ्या नियमाची खिडकी. बाकी सगळी कामं त्यानं कीबोर्डवर आणून ठेवली होती. स्वतःच्या मशीनवर फोल्डरचं नावही तो टाइपच करत असे. पण संच निघायचा तो कोपऱ्यातल्या सामायिक मशीनवरून, सगळ्यांच्या एकाच स्क्रिप्टनं, आणि सगळ्यांत ज्येष्ठ म्हणून शेवटचा संच काढायचं काम त्याचंच. तिथे त्या तीळभर चिन्हांवर माऊस नेऊन धरताना त्याच्या कपाळाला घाम यायचा.

"मग नियम बदलते. टाइप करायची मुभा देते. एका ओळीचं काम."

"कारण काय सांगाल?"

"माझी लहर."

"तुम्हाला लहर येत नाही मॅडम, हे शिपायालाही माहीत आहे. लगेच शोधतील कारण."

"मग संच काढायचं काम दुसऱ्याला देते."

"मग तर विचारायलाच नको."

मी त्याला दोन शब्द सुनावले, हट्टी म्हटलं, मूर्खही म्हटलं. तो ऐकून घेऊन उठला आणि दाराशी जाऊन म्हणाला, "सामायिक मशीनवर मी सहानंतर बसतो. तेव्हा कुणी नसतं." एवढी सोय त्यानं आधीच करून ठेवली होती. मी गप्प बसले. त्या वेळी ते मला शहाणपणाचं वाटलं.

आठ महिने निभलं.

मग एका मंगळवारी सकाळी ऑफिसात आरडाओरडा. पादचारी पुलाच्या कामातलं 'अंतिम' फोल्डर गायब. तीनशे बारा नकाशे. दुपारी चार वाजता संच वर्कशॉपला जायचा होता. तिथे लोक यंत्रं मोकळी ठेवून बसले होते.

ते काम होतं गडबडचं. आमच्याकडे एक नकाशे करणारी बाई होती, चाळिशीची, दोन मुलांची आई. सकाळी धापा टाकत यायची, संध्याकाळी धावत जायची, दिवसभर तोंडाचा पट्टा चालू; म्हणून नाव गडबड. कामात मात्र मी तिची चूक क्वचितच पकडली आहे. पण एकदा नाव पडलं की पडलं. फोल्डर गेलं म्हटल्यावर सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या.

"मी हातसुद्धा लावला नाही हो!" ती रडकुंडीला आली. "काल साडेपाचला बंद करून गेले, तेव्हा होतं."

"साडेपाचला पळताना काय दाबलंस कुणास ठाऊक," कुणीतरी म्हणालं आणि दोघे-तिघे हसले.

नेटवर्कवाला आला. त्याच्याकडे शुक्रवारची प्रत होती, म्हणजे सोमवारचं सगळं काम गेलं, आणि सोमवारीच गडबडनं सत्तर नकाशे दुरुस्त केले होते. त्यानं 'अंतिम' नाव घालून सर्व्हरवर शोध लावला, तर प्रत्येक कामात 'अंतिम' असल्यामुळे दीडशे उत्तरं आली. ती एकेक उघडून बघायला तो बसला आणि तीन वेळा चहा प्यायला.

मी माझ्या केबिनमध्ये तोच शोध लावून यादी खालून वर बघत गेले. शिस्तीत जिथे कुणी बघत नाही तिथे आधी बघायचं, एवढं अनुभवानं शिकवलंय. साडेबाराला सापडलं. पादचारी पूल, 'जुने', आणि त्या 'जुने'च्या पोटात 'अंतिम', तीनशे बाराच्या तीनशे बारा नकाशांसकट. नष्ट झालं नव्हतं, एक घर सरकलं होतं. यादीत 'अंतिम'च्या लगेच खाली 'जुने' असतं.

सोमवारी संध्याकाळी सव्वासहाला मी निघाले तेव्हा सामायिक मशीनवर तो एकटा बसलेला मी पाहिला होता.

मी त्याला बोलावलं आणि पडदा दाखवला. त्यानं वाचलं.

"काल फोल्डर निवडायला गेलो," तो हळूच म्हणाला, "बटण दाबलं आणि हात उडाला. काहीतरी हललं असं वाटलं. मग यादीत 'अंतिम' दिसेना. मला वाटलं मीच भलत्या कामात शिरलोय. खिडकी बंद केली. डोळे दुखत होते, म्हटलं सकाळी बघू." मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "नव्या खिडकीत ओढता येतं. ओढून दुसऱ्यात टाकता येतं. निवडायच्या खिडकीत वस्तू हलेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. चौसष्ट मीच लिहिलं."

"हे बघा, फोल्डर मिळालंय. मी परत जागेवर ठेवते. चारला संच जाईल. कुणी केलं, कसं झालं, माहीत नाही म्हणायचं. विषय संपला."

"गडबडचं काय?"

"तिला कोण खातंय? नकाशे तर मिळाले."

मी फोल्डर जागेवर ठेवलं आणि बाहेर येऊन जाहीर केलं. मला वाटलं होतं टाळ्या पडतील आणि माणसं जेवायला जातील. तेवढ्यात आमचे मोठे साहेब खाली उतरले. गृहस्थ वाईट नव्हते, पण सकाळभर वर्कशॉपचे फोन घेऊन त्यांचं डोकं तापलं होतं.

"मिळालं कुठे?"

"जुन्यात पडलं होतं," मी म्हटलं.

साहेब गडबडकडे वळले. "जुन्यात तुम्ही टाकलंत?"

"नाही साहेब. आईशप्पथ नाही."

"लेखी खुलासा द्या."

"काय लेखी देऊ? जे केलंच नाही ते?"

"मग काय फोल्डर पायी चालत गेलं? हे पहिल्यांदा होत नाहीये. पुढच्या कामावर तुम्हाला ठेवायचं की नाही, याचा मला विचार करावा लागेल."

खरं तर पहिल्यांदाच होत होतं. पण गडबड हे नाव सहा वर्षं कानांवर पडत राहिलं की माणसाला सगळंच आधी झाल्यासारखं वाटतं. ती ओठ चावत उभी राहिली. मी म्हटलं, "साहेब, चौकशीशिवाय..." आणि पुढे शब्दच सुचेनात, कारण चौकशी झाली तर काय निघेल हे मला माहीत होतं. एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला तो, आणि दोघांना वाचवेल असं एकही वाक्य माझ्याजवळ नव्हतं.

"चालत नाही गेलं," मागून आवाज आला. "मी नेलं."

फूटपट्टी उभा होता. सगळे हसले. त्यांना वाटलं सहकाऱ्याला सांभाळून घेतोय. गडबडसुद्धा म्हणाली, "दादा, तुम्ही कशाला मधे पडताय?"

"मी दाखवतो," तो म्हणाला आणि सामायिक मशीनपाशी जाऊन बसला. मी पुढे होऊन दबक्या आवाजात म्हटलं, "उठा. हात दाखवून अवलक्षण करू नका." त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही. स्क्रिप्टची दोन अक्षरं टाइप केली. खिडकी उघडली. मग त्यानं उजवा हात सगळ्यांसमोर माऊसवर ठेवला.

इतके दिवस खिशात, टेबलाखाली, फाइलीमागे ठेवलेला हात. तो थरथरत होता असं म्हणणं कमी होईल. माऊस टेबलावर टकटक वाजत होता. बाणाचं टोक पडद्यावर माशीसारखं भिरभिरत होतं. सर्व्हर उघडायला त्याला चार प्रयत्न लागले. वर्ष उघडायला सहा. काम उघडताना चुकून शेजारचं उघडलं, ते बंद करायला आणखी तीन. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पुरे. साहेब एकदा म्हणालेही, "असू द्या, असू द्या." तो थांबला नाही. 'अंतिम'वर आला, बटण दाबलं, हात उडाला, आणि ओळ सरकून 'जुने'त जाऊन बसली. ना आवाज, ना विचारणा.

"असं," तो म्हणाला.

गडबड तोंडावर हात ठेवून बाहेर गेली. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि चार चांगले शब्द बोलले: तुम्ही घरी जा, आराम करा, रजेचं आम्ही बघतो, तब्येत महत्त्वाची. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. आणि प्रत्येक शब्दानं त्याची खुर्ची थोडी थोडी मागे सरकत होती. मी प्रमुख होते, केबिन होती, सही होती, आणि त्यातलं काहीच कामाचं नव्हतं.

मी फोल्डर पुन्हा जागेवर ठेवलं, आणि संच चारला गेला. गडबडनं काढला, डोळे पुसत.

दुसऱ्या दिवशी तो आला तो फक्त स्क्रिप्ट दुरुस्त करायला. स्वतः खुर्चीत बसला नाही. मला बसवलं, मागे उभा राहिला. "एकशे अठरावी ओळ. चौसष्टच्या जागी शून्य." मी शून्य टाइप केलं. जुनी, लहान खिडकी उघडली. तिच्यात काही ओढता येत नव्हतं. एवढंच काम होतं. "झालं?" मी विचारलं. "झालं," तो म्हणाला. आठ महिन्यांपूर्वी टाइप करायची मुभा देतानाही एकच ओळ बदलायची होती, हे आम्ही दोघंही बोललो नाही.

आजारी रजेचा कागद आठवड्यात निघाला, निवृत्तीच्या तारखेपर्यंतचा. मी साहेबांशी भांडले. म्हटलं, त्यांना शिकवायला बोलवा, स्क्रिप्ट लिहू द्या, माऊसशिवाय ते कुणापेक्षाही दुप्पट काम करतात. साहेब म्हणाले, "मॅडम, त्यांना विचारा, यायचं असेल तर दार उघडं आहे." म्हणून मी विचारायला घरी गेले.

दार बायकोनं उघडलं. बैठकीची खोली नीटनेटकी, दोन खुर्च्या, खिडकीत तिचं शिवण. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं.

"झोपलेत हो, ताई," ती म्हणाली आणि माझ्याकडे न बघता टेबलावरचा कपडा सारखा करू लागली. "आता लोक येतात ना भेटायला. सारखे येतात. 'कशी आहे तब्येत' विचारतात. मग ते झोपतात."

आतून कीबोर्डचा आवाज येत होता. सलग, एका लयीत. मधे थांबणं नाही, अडखळणं नाही.

मी थोडा वेळ ऐकत उभी राहिले. ऑफिसचा निरोप सांगितला, तिनं तो दोनदा घोकून पाठ केला. तिनं मला बसा असं म्हटलं नाही.

"झोपू द्या," मी म्हटलं, आणि चप्पल घातली.